दोन मिनिटांचा युक्तिवाद : जीमॅटच्या तर्कप्रश्नांचा सराव

जीमॅटमधील ‘क्रिटिकल रीझनिंग’चा प्रश्न दिसायला लहानसा असतो. शंभरेक शब्दांचा उतारा, त्याखाली एका ओळीची विचारणा आणि पाच पर्याय. उताऱ्यात कोणीतरी काहीतरी पटवून देत असतो. एखाद्या कंपनीला नवे दुकान उघडायचे असते, नगरपालिकेला पार्किंगचे शुल्क वाढवायचे असते, पुरातत्त्वज्ञाला उत्खननात शिंपले सापडतात आणि त्यांवरून तो तिथल्या लोकांच्या आहाराविषयी बोलतो. त्या विषयाची माहिती असण्याची गरज नसते. असली तर बरेचदा अडचणच होते. विचारलेले एवढेच असते, की हा माणूस जे म्हणतो ते त्याने दिलेल्या आधारावरून कितपत निघते. तयारी करणारे या प्रकाराला नुसते ‘सीआर’ म्हणतात. गणितात तरबेज असलेले अभियंते पहिल्या आठवड्यात ज्या प्रश्नांपुढे बुचकळ्यात पडतात, ते बहुधा हेच.

१९५३ मध्ये अमेरिकेतील नऊ व्यवस्थापनशाळांनी एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेला हाताशी धरून सामाईक प्रवेशपरीक्षा आखायला घेतली आणि पुढच्याच वर्षी ती प्रथम झाली. जीमॅट हे नाव तिला १९७६ मध्ये मिळाले. १९९७ मध्ये ती संगणकावर गेली आणि आधीच्या उत्तरांवरून पुढच्या प्रश्नाचा अवघडपणा ठरू लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘फोकस’ आवृत्तीने शाब्दिक विभागातून ‘सेंटेन्स करेक्शन’ हा व्याकरणाचा भाग वगळला. आता त्या विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात आणि ते दोनच प्रकारचे : उतारावाचन आणि सीआर. पूर्वी व्याकरणाचे नियम घोकून शाब्दिक गुण सावरता येत असत. ती वाट बंद झाली आणि सीआरचे वजन आपसूक वाढले. एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटेही पुरती येत नाहीत.

या दोन मिनिटांतले पहिले काम निष्कर्ष शोधण्याचे. ते सोपे वाटते आणि तिथेच पाय घसरतो. निष्कर्ष शेवटच्या वाक्यात असतो अशी शाळेतल्या निबंधांनी लावलेली सवय असते. जीमॅटच्या उताऱ्यात तो कधी पहिल्या वाक्यात असतो, कधी मधल्या वाक्याच्या अर्ध्या भागात, आणि कधी ‘टीकाकारांचा हा आक्षेप चुकीचा आहे’ एवढ्याच शब्दांत दडलेला असतो. तेव्हा मूळ निष्कर्ष काय, हे आक्षेप उलटा करून वाचणाऱ्याने स्वतःच जुळवायचे असते. ओळखण्याची कसोटी साधी आहे. दोन वाक्यांच्या मध्ये ‘कशावरून?’ हा प्रश्न ठेवावा. ज्या वाक्याला तो विचारता येतो आणि उरलेल्यांतून उत्तर मिळते, तो निष्कर्ष. उत्तर देणारी ती आधारविधाने. पहिल्या आठवड्यात पर्याय हाताने झाकून फक्त एवढेच करणारा उमेदवार पुढे फायद्यात राहतो. मात्र हे कंटाळवाणे असल्याने दहांतले आठ जण ते करत नाहीत, हेही शिकवणाऱ्यांना माहीत असते.

निष्कर्ष सापडला की आधार आणि निष्कर्ष यांच्यामधली फट दिसू लागते. तिच्यावर पूल म्हणून जे न बोललेले विधान टाकलेले असते, ते गृहीतक. इंग्रज तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ च्या ‘द यूझेस ऑफ आर्ग्युमेंट’ या पुस्तकात दावा, आधार आणि त्या दोहोंना जोडणारी अनुज्ञा अशी युक्तिवादाची फोड केली, तीतली अनुज्ञा साधारण याच जागी बसते. सीआरमधले बहुसंख्य प्रश्न या फटीभोवतीच फिरतात. गृहीतक ओळखा, युक्तिवाद कमकुवत करा, बळकट करा, तो तपासायला कोणती माहिती लागेल ते सांगा, त्यातला दोष दाखवा : विचारणा पाच प्रकारची, जागा एकच.

आता एक उतारा घेऊ. तालुक्यातल्या सहकारी दूधसंघाचे संकलन घटले आहे, कारण बरेच शेतकरी खासगी डेअऱ्यांना दूध घालू लागले आहेत. संघाने लिटरमागे दोन रुपये वाढवून दिले. आता संघाचा दर खासगी डेअऱ्यांच्या आजच्या दरापेक्षा जास्त आहे. तेव्हा गेलेले शेतकरी संघाकडे परततील. हा युक्तिवाद कशावर उभा आहे?

तीन पर्याय पाहू. पहिला : खासगी डेअऱ्या लगेच दर वाढवून संघाची बरोबरी करणार नाहीत. दुसरा : डेअरी निवडताना शेतकरी दरच पाहतात. तिसरा : दर वाढवूनही संघ तोट्यात जाणार नाही. नवख्या उमेदवाराला दुसरा पर्याय ओढतो. उतारा दराविषयी आहे, पर्यायही दराविषयी आहे आणि निष्कर्षाला तो चांगला टेकू देतो. पण गृहीतक म्हणजे नुसता टेकू नव्हे. जे काढले तर घर पडते ते गृहीतक. ते तपासण्यासाठी प्रत्येक पर्याय नकारार्थी करून उताऱ्यात परत ठेवतात. दुसऱ्याचा नकार असा : शेतकरी दरच पाहत नाहीत, वजनकाटा आणि बिलाची तारीखही पाहतात. असे असले तरी दोन रुपयांसाठी ते परत येऊ शकतात. घर उभेच राहिले. पहिल्याचा नकार : खासगी डेअऱ्याही तेवढाच दर देणार आहेत. मग परत येण्याचे दिलेले एकमेव कारण संपते आणि घर कोसळते. तिसरा पर्याय महत्त्वाच्या गोष्टीविषयी आहे, पण ती दुसऱ्याच युक्तिवादाची. संघाने दर वाढवावा का, असा प्रश्न असता तर तो कामाचा ठरला असता. शेतकरी परततील का, या प्रश्नाशी संघाच्या ताळेबंदाचा संबंध येत नाही.

दुसरा पर्याय चुकीचा ठरतो तो एका ‘च’मुळे. ‘दर पाहतात’ आणि ‘दरच पाहतात’ यांत जे अंतर आहे, त्या अंतरावर सीआरमधले कितीतरी फसवे पर्याय रचलेले असतात. इंग्रजीत हे काम ‘ओन्ली’ करते आणि ते वाक्यात कुठे बसले आहे याकडे घाईत डोळा जात नाही. ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांतला फरक तर इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांच्याही हातून निसटतो. मराठीत तो एका अक्षरात स्वच्छ दिसतो. ‘पाऊस पडला तर पेरणी होईल’ या वाक्यात पावसाविना, विहिरीच्या पाण्यावर पेरणी होण्याला मनाई नाही. ‘पाऊस पडला तरच पेरणी होईल’ या वाक्यात ती मनाई आहे. मात्र पाऊस पडूनही बियाण्याअभावी पेरणी राहून जाणे त्यात शक्य आहे. ‘अनलेस’ आले की मनात ‘खेरीज’ म्हणावे. ही अदलाबदल एकदा मुरली की गुंतागुंतीची अटवाक्ये सरळ होतात. इंग्रजी परीक्षेची तयारी इंग्रजीतच विचार करून व्हावी, असा उपदेश क्लासमध्ये सर्रास होतो. या एका बाबतीत तो खोटा आहे.

उलट काही शब्दांत मराठीची सवय घातक ठरते. ‘काही मुले पास झाली’ असे कोणी म्हटले की काही नापास झाली, असे आपण ऐकतो. तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे किमान एक; सगळेसुद्धा त्यात मावतात. ‘बहुतेक’ म्हणजे निम्म्यांहून अधिक, इतकेच. वाचनालयाचे बहुतेक सभासद कादंबऱ्या नेतात आणि बहुतेक सभासद मासिके नेतात, एवढ्यावरून दोन्ही नेणारा किमान एक सभासद निघतोच. दोन निम्म्यांहून मोठे गट एकमेकांवर चढल्याशिवाय राहत नाहीत. पण बहुतेक कादंबरीवाचक मासिके नेतात, हे मात्र त्यावरून निघत नाही. अनुमानाच्या प्रश्नात उत्तर असे रुक्ष, बेताचे, जवळजवळ निरर्थक वाटणारे असते. धाडसी, रंगतदार वाक्य दिसले की ते बहुधा चूक. चांगले वाचणाऱ्यांना हे पचायला जड जाते, कारण चांगला वाचक ओळींमधला मजकूर भरून काढतो आणि इथे नेमके तेच करायचे नसते.

हे कठीण का जाते, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी घेतला आहे. १९६६ मध्ये पीटर वेसन यांनी चार पत्त्यांचे कोडे मांडले. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. समोर दिसतात एक स्वर, एक व्यंजन, एक सम आणि एक विषम संख्या. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसरीकडे सम संख्या असते. नियम तपासायला कोणते पत्ते उलटावेत? बहुतेक लोक स्वर आणि सम संख्या उलटतात. उत्तर आहे स्वर आणि विषम संख्या. सम संख्येमागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही. विषम संख्येमागे स्वर निघाला तर मोडतो. माणूस होकार शोधत जातो, नकार शोधायला कोणीतरी ढकलावे लागते. पुढे १९८२ मध्ये रिचर्ड ग्रिग्ज आणि जेम्स कॉक्स यांनी हेच कोडे बिअर पिणाऱ्यांच्या वयाच्या अटीचे रूप देऊन विचारले, तेव्हा बहुतेकांना ते झटकन सुटले. बिअर पिणाऱ्याचे वय पाहायचे आणि कोवळ्या वयाच्या गिऱ्हाइकाच्या पेल्यात काय आहे ते पाहायचे, हे सांगावे लागत नाही.

सीआरच्या सरावाला यातून एक उपयोगी युक्ती मिळते आणि एक इशाराही. अमेरिकेतल्या विमा कंपन्या, मध्य अमेरिकेतले उत्खनन, कुठल्याशा काल्पनिक देशाचे पोलादावरचे आयातशुल्क यांत मन रमत नसेल, तर युक्तिवादाचा सांगाडा उचलून आपल्या अंगणात आणावा. विमा कंपनीच्या जागी दूधसंघ, पोलादाच्या जागी कांदा. सांगाडा ओळखीच्या ठिकाणी उभा केला की फट चटकन दिसते. इशारा असा, की अंगणात आणताना आपली मते चपलांसारखी बाहेर ठेवावी लागतात. सहकारी संघ कसे चालतात याविषयी ज्याच्या मनात राग आहे, त्याला दुधाच्या उताऱ्यात ‘संघाचा कारभार भोंगळ असतो’ हा न लिहिलेला आधार दिसू लागतो. अर्थशास्त्राच्या पदवीधराला किमतीवरचे आणि डॉक्टरला औषधावरचे प्रश्न जास्त चुकताना दिसतात. त्यांना खरे काय ते माहीत असते आणि प्रश्न खऱ्याविषयी नसतोच.

कार्यकारणाच्या प्रश्नांना सर्वांत जास्त वेळ द्यावा. त्यांचे बी एकच : दोन गोष्टी बरोबर घडल्या, म्हणून एकीमुळे दुसरी घडली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली की कावळ्यावर आळ येतो, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे; पण इंग्रजी उताऱ्यात कावळा ओळखू येत नाही. कंपनीच्या व्यायामशाळेत जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा कमी असतात, म्हणून व्यायामशाळेमुळे प्रकृती सुधारते, असे उताऱ्यात म्हटले असेल, तर तीन बाजूंनी पाहावे. गाडी उलटी तर नाही? धडधाकट आहेत तेच व्यायामशाळेत जात असतील. दोहोंमागे तिसरेच काही नाही ना? तरुण कर्मचारी व्यायामही करतात आणि आजारीही कमी पडतात. आणि शेवटी, नुसता योगायोग नाही ना? कमकुवत करणारा पर्याय यांपैकी एक दार उघडतो. बळकट करणारा एक दार बंद करतो. बळकट करणारे उत्तर पुष्कळदा असे नकारात्मक असते, ‘व्यायामशाळा सुरू होण्यापूर्वी या दोन गटांच्या रजांत फरक नव्हता’ अशा धर्तीचे. म्हणून ते नजरेतून सुटते.

न्यायशास्त्रात दोहोंमागच्या या तिसऱ्या वस्तूला नाव आहे : उपाधी. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान टिकते. पण डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असणार, हे टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीतून धूर निघायला ओले सरपण लागते. ते ओले सरपण म्हणजे उपाधी. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हे सारे दोन-तीन ओळींत येते. त्या ग्रंथाची आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईत निघाली आणि संस्कृत घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर शिकल्या. जीमॅटच्या कार्यकारणाच्या प्रश्नात ‘यात ओले सरपण कोणते?’ असे विचारणाऱ्याला उत्तर सापडायला वेळ लागत नाही.

संख्यांच्या प्रश्नांतही असाच एक ठरलेला डाव असतो. शहरात सायकलींसाठी वेगळी मार्गिका केली. पुढच्या वर्षी सायकलस्वारांचे अपघात वाढले. म्हणून मार्गिका धोक्याची आहे. इथे अपघातांची संख्या आणि अपघाताची शक्यता यांची सरमिसळ झालेली आहे. मार्गिका झाल्यावर सायकली चालवणारे तिपटीने वाढले असतील आणि अपघात दीडपटीने, तर धोका निम्म्यावर आला. टक्केवारी आणि आकडा, वाटा आणि एकूण, दर आणि नफा : उताऱ्यात एक दिलेला असतो आणि निष्कर्ष दुसऱ्याविषयी काढलेला असतो. अभियंत्यांना हे प्रश्न सोपे जायला हवेत, पण ते आकडा दिसताच गणित मांडू लागतात. मांडण्यासारखे गणित त्यात नसतेच.

नमुन्यावरून काढलेल्या निष्कर्षाबाबत ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण अर्धीच खरी आहे. भाताचे शीत चालते, कारण पातेल्यात सगळीकडे आच सारखी लागलेली असते. सर्वेक्षणात आच सारखी लागलेली आहे का, हाच प्रश्न असतो. दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात काम करणाऱ्या अब्राहम वाल्ड यांनी परतलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांचा अभ्यास केला, त्यातली ग्यानबाची मेख अशी होती, की न परतलेली विमाने नमुन्यात नव्हती. जिथे खुणा कमी दिसत होत्या, तिथे गोळी लागलेली विमाने समुद्रात होती. सीआरमध्ये हे विमान कधी बंद पडलेल्या दुकानांच्या रूपाने येते, कधी प्रश्नावली भरून न पाठवलेल्या गिऱ्हाइकांच्या रूपाने.

विसंगतीच्या प्रश्नांत युक्तिवाद नसतो, कोडे असते. यंदा उन्हाळी कांद्याचे पीक गेल्या वर्षीपेक्षा जास्त निघाले, मागणी तेवढीच राहिली, तरी ऑक्टोबरात भाव चढला, असे कसे? उत्तराने दोन्ही बाजू खऱ्या ठेवून गाठ सोडवायची असते. चाळीत साठवलेला कांदा पावसाळ्यातल्या दमटपणाने मोठ्या प्रमाणावर सडला, हे उत्तर दोन्ही बाजू सांभाळते. शेतकऱ्यांनी यंदा जास्त क्षेत्रावर कांदा लावला होता, हे फक्त पहिल्या बाजूचे स्पष्टीकरण झाले. गाठ तशीच राहिली. फसवे पर्याय बहुतेक असे एकांगी असतात.

मूल्यमापनाच्या प्रश्नात, म्हणजे ‘कोणती माहिती मिळाली तर युक्तिवाद पारखता येईल’ या प्रकारात, प्रत्येक पर्यायाला दोन टोकांची उत्तरे देऊन पाहावीत. दूधसंघाच्या उदाहरणात ‘खासगी डेअऱ्यांनी दिलेली उचल फेडेपर्यंत शेतकऱ्यांना दूध तिथेच घालावे लागते का?’ हा प्रश्न घ्या. हो म्हटले तर निष्कर्ष ढासळतो, नाही म्हटले तर सावरतो. म्हणजे माहिती कामाची आहे. दोन्ही उत्तरांनी काही हलत नसेल तर पर्याय खोडावा. ठळक अक्षरांतल्या दोन वाक्यांची भूमिका ओळखण्याचा ‘बोल्डफेस’ प्रकार दिसायला भयंकर असतो, प्रत्यक्षात यांत्रिक आहे. वाक्य कोणाच्या बाजूचे, आधार की निष्कर्ष, एवढे ठरवले की तीन पर्याय गळतात. त्यावर आठवडे घालवण्यात अर्थ नाही.

आता खुद्द सरावाविषयी. रोज पन्नास प्रश्न सोडवणारा उमेदवार प्रत्येक क्लासमध्ये असतो आणि तिसऱ्या महिन्यात त्याचे गुण जिथल्या तिथे असतात. याचे कारण त्याचा सराव बरोबर आलेल्या उत्तरांचाच होतो. चुकलेल्या प्रश्नाचे स्पष्टीकरण वाचले, ‘अच्छा, असे होय’ म्हटले, पुढे गेला. स्पष्टीकरण वाचताना प्रत्येक गोष्ट पटते. पटणे आणि सुचणे यांत मोठे अंतर आहे. त्यापेक्षा रोज आठ प्रश्न घ्यावेत आणि तेवढाच किंवा दुप्पट वेळ त्यांच्या फेरतपासणीला द्यावा. बरोबर आलेल्या प्रश्नातही उरलेले चार पर्याय का चुकीचे, हे प्रत्येकी एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. लिहिता आले नाही, तर तो प्रश्न नशिबाने आला असे समजावे.

चुकांची वही हे या तयारीतले सर्वांत उपयोगी आणि सर्वांत टाळले जाणारे साधन आहे. तीत प्रश्न उतरवायचा नसतो. तीन गोष्टी लिहायच्या : कोणता पर्याय निवडला, तो का आवडला, आणि तो का चुकतो. मधली नोंद खरी मोलाची. ‘सिली मिस्टेक’, ‘घाई झाली’ अशा नोंदी बाद समजाव्यात, कारण त्यांतून पुढच्या वेळी काय करायचे ते कळत नाही. ‘उताऱ्यातला शब्द जसाच्या तसा पर्यायात दिसला म्हणून निवडला’ ही नोंद चांगली. ‘खरे वाटले म्हणून निवडले’ हीही चांगली. चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की त्यांतून तीन-चारच सवयी पुन्हा पुन्हा डोकावू लागतात. कोणी निष्कर्षातला एखादा शब्द गाळून वाचतो, कोणी ‘वगळता’ असलेल्या प्रश्नात उलटे उत्तर देतो, कोणी दोन पर्याय उरले की जास्त लांबीचा घेतो. प्रत्येकाचे खड्डे ठरलेले असतात आणि माणूस त्याच खड्ड्यात वर्षभर पडू शकतो.

घड्याळ सुरुवातीला बाजूला ठेवावे. पहिले तीन-चार आठवडे एका प्रश्नाला पाच मिनिटे लागली तरी चालते. पर्यायांकडे जाण्यापूर्वी आपले उत्तर साधारण कसे असेल, याचा अंदाज बांधण्याची सवय त्या वेळात लागते. हा अंदाज हुबेहूब जुळत नाही. पण अंदाज न बांधता पर्यायांत शिरणे म्हणजे यादी न करता मंडईत जाण्यासारखे आहे. समोर जे ताजे दिसेल ते पिशवीत पडते. वेग त्यानंतर मिळवायचा असतो आणि तो भरभर वाचून मिळत नाही. उतारा एकदाच, पण नीट वाचणारा परत परत वर जाणाऱ्यापेक्षा लवकर सुटतो.

नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्यांची अडचण वेगळी. हिंजवडीहून किंवा बीकेसीहून रात्री नऊला घरी पोचलेल्या माणसाचे डोके गणित कसेबसे रेटते. सीआरला ते साथ देत नाही. दमलेला वाचक ‘नॉट’ गाळतो. असे पुष्कळ जण शेवटी पहाटेकडे वळतात आणि कामावर जाण्यापूर्वीच्या पाऊण तासात दहा दिवसांत जे होते, ते रात्रीच्या महिन्यात झालेले नसते. लोकलमध्ये मोबाइलवर प्रश्न सोडवण्याचा प्रयोगही बहुतेक जण करतात. नवे प्रश्न तसे सोडवणे म्हणजे ते वाया घालवणे. जुन्या चुका वाचायला मात्र लोकल उत्तम.

वाया घालवणे हा शब्द मुद्दाम वापरला आहे. परीक्षा घेणाऱ्या मंडळानेच काढलेल्या ‘ऑफिशियल गाइड’मधले, म्हणजे ‘ओजी’तले प्रश्न मोजके असतात. बाजारात इतरांचे हजारो मिळतात. त्यांतल्या कित्येकांत दोन पर्याय बरोबर असतात किंवा एकही नसतो. त्यांच्यावर कान तयार केला तर तो बिघडतो. ओजीतले उत्तर पटले नाही, तर आपण कुठे चुकलो ते शोधण्यात संध्याकाळ घालवावी. ती संध्याकाळ फुकट जात नाही. दुसऱ्या कोणाच्या पुस्तकातले उत्तर पटले नाही, तर अर्ध्या तासात सोडून द्यावे. ओजी संपले आणि वेळ उरला, तर अमेरिकेतल्या विधिशाळांच्या एलसॅट या प्रवेशपरीक्षेचे जुने ‘लॉजिकल रीझनिंग’ प्रश्न कामाला येतात. त्यांची घडण काटेकोर असते आणि अटवाक्यांचा भरणा जास्त असतो, त्यामुळे तिथे घाम गाळलेल्याला जीमॅटचे उतारे सैल वाटतात. मात्र शेवटच्या महिन्यात ते बंद करून ओजीच्या चालीवर परत यावे.

परीक्षेत तिन्ही विभाग कोणत्या क्रमाने द्यायचे, हे उमेदवार ठरवतो. मध्ये एकदा दहा मिनिटांची सुटी घेता येते. विभागातले प्रश्न संपल्यावर वेळ उरला असेल, तर मागे जाऊन जास्तीत जास्त तीन उत्तरे बदलता येतात. ही सवलत आल्यापासून अडलेल्या सीआरवर चार-चार मिनिटे बसण्याचे कारण राहिलेले नाही : दोन पर्यायांपर्यंत यावे, एक निवडावा, खूण करून पुढे जावे. प्रश्न अनुत्तरित राहिले तर गुण कापले जातात, म्हणून शेवटचे तीन प्रश्न अंदाजाने ठोकण्याची वेळ येण्यापेक्षा मधला एक अंदाजाने सोडवलेला परवडतो. गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात. मनासारखे आले नाहीत तर सोळा दिवसांनी परत बसता येते, बारा महिन्यांत पाच वेळा. सोळा दिवसांत गणित सुधारू शकते. सीआर सहसा सुधारत नाही, तेव्हा दुसरी तारीख घेताना निदान सहा-सात आठवडे हाताशी ठेवावेत. मंडळाच्या संकेतस्थळावर दोन पूर्ण सराव-परीक्षा फुकट मिळतात. उत्साहाच्या भरात दोन्ही पहिल्याच आठवड्यात देऊन टाकू नयेत. एक तरी शेवटच्या पंधरवड्यासाठी न उघडता ठेवावी.